झाकण कुठं आहे

आषाढातल्या एका मंगळवारी
शामरावनगरातल्या आमच्या गुंठ्यावर
मोरीतलं पाणी खाली जायचं थांबलं.
आधी नुसतं गुडगुडलं,
मग जाळीतून वर आलं, सावकाश,
बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

कंपाउंडच्या कडेनं एक काळी रेघ
बेडग्यांच्या अळवाकडं निघाली.
सुलोचना भिंतीवरून म्हणाली,
"तुमचं आलंय आमच्याकडं."
माझं नाही, असं म्हणता येईना.

नळ बंद केले. धुणं भिजलेलं तसंच बादलीत.
सून म्हणाली, वरच्या मजल्यावरचं वापरू का?
अगं, वरचं काय, खालचं काय,
सगळं एकाच पोटात जातं.
रेघेवर ब्लीचिंग पावडर टाकली, नातवाची सायकल आत ओढली,
बोअरच्या नळाला चिंधी बांधली:
पिऊ नये.

दुपारी दस्तगीर नदाफ मिरजेहून टँकर घेऊन आला.
खांद्यावर पाइप, तोंडात बडीशेप.
"मावशी, झाकण कुठं आहे?"

एकोणीस वर्षं या घरात.
गॅसचं पुस्तक कुठं, जुन्या किल्ल्या कुठं,
कुणाचा राग कुठं ठेवायचा,
सगळं ठाऊक.
झाकण तेवढं ठाऊक नव्हतं.
ते यांना ठाऊक होतं, आणि हे गेल्या चैत्रात गेले.
अंगणातल्या फरश्या यांनीच हौसेनं बसवल्या,
सलग,
झाकणावरूनसुद्धा.

लाइटबिलांच्या फायलीत कागद सापडला.
वीज मंडळातल्या माणसाचं सरळ अक्षर:
पेरूपासून सात पावलं, गेटकडं तोंड करून.
दर तीन वर्षांनी उपसणे.
गच्चीचं पाणी यात सोडू नये.
तेलकट कढई पुसून मग घासावी. हिला सांगणे.

सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं, आणि मी हो हो म्हणत
कढई घासत राहिले होते.
गच्चीचा पाइप तर मीच जोडून घेतला,
यंदाच्या उन्हाळ्यात, भिंतीला ओल नको म्हणून.
खाली उपशाच्या तारखा, तीन.
चौथीच्या जागी नुसती रेघ, आखून ठेवलेली.

मी सात पावलं चालले.
दस्तगीरनं सळई आपटली. भरीव.
कागद उन्हात धरून तो म्हणाला,
"पावलं कुणाची ओ ही?"

यांची ढांग मोठी होती.
बाजारात मी कायम मागं पडायची.
दहाव्या पावलावर फरशी पोकळ बोलली.

झाकण निघालं तसं त्यानं सगळ्यांना लांब हाकललं.
"कुणी वाकायचं नाही. मोबाइल पडू दे, सोनं पडू दे,
आत उतरायचं नाही.
कुपवाडला माझा जोडीदार असाच वाकला होता."
एवढंच बोलला, आणि पंप सुरू केला.

टाकी घोट घोट रिकामी झाली.
पाइपाच्या तोंडातून पेरूची मुळं निघाली
गंगावनासारखी, हातभर लांब.
पेरू इतके गोड का लागायचे
ते कळलं. कुणी कुणाला बोललं नाही.

जाताना तो शोषखड्ड्यापाशी थांबला.
"काळं रान हाय मावशी. पावसाळ्यात
ह्याला पाणी पाजणं म्हणजे
जेवून उठलेल्याला परत पाटावर बसवणं.
गच्चीचा पाइप आजच काढा."

काढला.
सुलोचनानं अळू मुळासकट उपटून टाकलं,
चार दिवस बोलली नाही,
पाचव्या दिवशी भिंतीवरून विचारलं,
"तुमच्या त्या टँकरवाल्याचा नंबर?
आमचं झाकण पण सापडंना."

आता झाकणावर फरशी नाही. दोन कड्या आहेत.
स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याखाली
मी पेन्सिलीनं तारीख लिहिली, आणि पुढं:
पेरूपासून दहा पावलं. माझी.

मग सुनेला चालायला लावलं.
तिची साडेनऊ भरली.
तीही लिहिली.