ना हरकत

परिपत्रक सोमवारी आलं, गंजक्या टाचणीनं टाचलेलं.
यापुढे परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना
ना हरकत दाखला देताना
‘रुग्णसेवेची गरज लक्षात घ्यावी’.
म्हणजे देऊ नये.
सरकार नाही म्हणत नाही,
लक्षात घ्यावी म्हणतं.

वनिता पावरा खुर्चीच्या कडेवर टेकली होती.
संध्याकाळी डेक्कनला जर्मनचा क्लास, रात्री वॉर्ड.
बी-टू झाले मॅडम, म्हणाली,
ताप उतरल्याचं सांगावं तशी.
तिकडच्या गावाचं नाव मला म्हणता येईना,
तिनं दोनदा म्हणवून घेतलं.
बत्तीस वर्षं मी हिच्यासारख्यांची जीभ वळवतेय,
हिमॅटोमा म्हणा, हिमोटामा नाही.

मी परिपत्रकाच्या पाठीवर आकडे मांडले.
हॉस्टेल, मेस, चार गणवेश,
रबराचा पुतळा, ज्याला अख्खी बॅच बाबूराव म्हणायची,
त्याचा पाचजणींत एक वाटा.
बेरीज करता करता आठवलं,
एक माणूस हिशेबात धरलाच नाही.

मार्केट यार्डातला हमाल, खाट सव्वीस.
नाव केसपेपरवर होतं, माझ्या डोक्यात नाही.
वनिताला त्याच्या हातावर शीर सापडेना.
चारदा टोचलं. मनगट टम्म.
मी सुई घ्यायला पुढे झाले तर म्हणाला,
ऱ्हाऊ द्या बाई, तिलाच करू द्या,
न्हाईतर शिकंल कुठं ती?
पाचव्यांदा लागली.

ते देणं कुणाचं?
बाँडवर राज्यपालांच्या वतीनं कुणाची तरी सही आहे,
त्याचा अंगठा नाही.

मी बोलले, बोलू नये ते.
चाळीस खाटांना रात्री एक बाई असते, वनिता.
माहितीये, म्हणाली. ती मीच असते.
अकरा महिन्यांचा करार, एक दिवस खंड,
परत अकरा.
ज्याला बारावा महिना द्यायचा नाही
त्यानं दार अडवून उभं राहायचं?
हे ती नाही म्हणाली. हे मी म्हणतेय,
आत्ता, कविता लिहिताना धीर येतो म्हणून.

ती एवढंच म्हणाली, सुईआधी कापूस फिरवावा इतकं हळू,
मी धडगावहून पुण्याला आले
तेव्हा आमच्या उपकेंद्रात कुणीच नव्हतं.
तेव्हा दाखला नाही मागितलात.
हार घातलात.

घातला होता. फोटोत मी आहे.
पुण्याकडे येतं ती प्रगती,
पुण्यातून जाते ती गळती.
माझा भाचा सरकारी फीवर इंजिनिअर झाला,
हिंजवडीतून टोरांटोला गेला,
त्याच्या पेढ्यांचा पुडा याच टेबलावर फिरला.
कुणी काही लक्षात घेतलं नाही.

तरीही.
सव्वीस नंबरच्या खाटेवर आजही कुणीतरी आहे.
बाटली संपत आलीय,
नळीत रक्त उलटं चढतंय,
नातेवाईक दारापर्यंत येऊन सिस्टर, सिस्टर करतोय.
त्याला माझी उदाहरणं लावता येत नाहीत.
त्याला बाई लागते,
शीर पहिल्यांदा सापडणारी.
तिला वेस घालून का होईना, मिळाली
तर तो माझ्यासारखा कागद उलटा करून
विचार करत बसणार नाही.
त्याला चूक कसं म्हणू?
आणि त्याच्या नावानं तिला कसं बांधू?

साडेपाच वाजले. शिपाई कुलूप घेऊन उभा.
मी सही केली.
पेन अडखळलं, सही तिरकी गेली.
शाईचं पॅड सुकलेलं,
तेव्हा शिक्का तोंडाजवळ धरला,
हा करून श्वास सोडला
आणि दाबला.

उमटला, पण अर्धाच.
‘ना’ पुसट.
‘हरकत’ तेवढं ठळक.

परत मारू का, विचारलं.
नको मॅडम, म्हणाली कागदावर फुंकर घालत,
वाचता येतंय.
मग घड्याळ बघितलं.
आज नाइट आहे.