नऊची बेरीज

धैर्यवानकाका गाडी लावून गेले
ते एवढंच सांगून : आवाज नको.
चौसष्टची फियाट, रंग जुन्या साईचा.
माझगावच्या आमच्या उतारावर
बंद होता होताही म्हणत होती
टक्, टक्, टक्,
अंगठी घातलेल्या बोटाने कुणी ग्लास वाजवावा तशी.

इंजिनाचं सगळं अंग बोलतं, पोरी,
इग्नासअंकल म्हणायचे,
कोण बोलतंय ते आधी ओळख, मग पाना उचल.
आता त्यांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं सायलेन्सर उतरवलेल्या इंजिनांपाशी उभं राहून
डावा कान आधी गेला,
उजवा मागच्या ईस्टरला.
स्टुलावर बसतात, पेपर चाळतात,
आणि पेपरवरून माझे हात बघतात.

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला.
मूठ कानाला, टोक लोखंडाला.
पेट्रोल पंप टकटकतो, पण जाड, खालच्या पट्टीत. तो नव्हे.
मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असतं
तर तापल्यावर गप्प झालं असतं.
हे तापलं तरी बोलत राहिलं,
दोन फेऱ्यांना एकदा, न चुकता.
म्हणजे वरचंच. टॅपेट.

रात्रभर थंड होऊ दिलं.
सकाळी डॉकचा भोंगा व्हायच्या आत झाकण काढलं,
बुचाचं पॅकिंग हलकेच सोललं.
आठ रॉकर, पाटीत मांडलेल्या बांगड्यांसारखे
ओले, निळसर.

प्लग काढले, टॉप गिअर टाकला,
खांदा लावून गाडी वीतभर पुढे.
आठवा पूर्ण दबला की पहिला मोकळा.
सातवा दबला की दुसरा.
दबलेला आणि मोकळा, दोघांची बेरीज नऊ :
हे मी शिकले तेव्हा
शाळेत माझा अजून हातचा राहत होता.

इनलेटला चार थाऊ, एक्झॉस्टला सहा.
पातं लोण्यातल्या सुरीसारखं जायला नको,
जाड वहीखालून कागद ओढतेस ना, तसं.
आठही भरले. झाकण लावलं. किल्ली फिरवली.

टक्, टक्, टक्.

पुन्हा उघडलं.
तिसऱ्यापाशी चार मागितले, चारच मिळाले.
परत मोजलं. चारच.
जेवायची वेळ टळली तरी
मी पात्यावरच विश्वास ठेवून होते.

मग अंकल उठले.
झाकण राहू दे, चालू कर, असं खुणावलं.
स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ
त्यांनी कानाला लावली नाही, दातांत धरली.
डोळे मिटले. बनियनवर तेलाचे शिंतोडे.
एकेका रॉकरवर टोक टेकवत गेले
आणि तिसऱ्यावर थांबले.

इंजिन बंद.
रॉकर सुटा करून त्यांनी माझं बोट धरलं,
नख त्याच्या चोचीवरून फिरवलं.
नख अडकलं.
राईएवढा खड्डा,
व्हॉल्वच्या देठाने ठोकून ठोकून केलेला.
माझं सपाट पातं त्यावर
पुलासारखं आडवं बसत होतं.
मी वर चार मोजत होते,
आत दहा तरी असतील.

ऑइलस्टोनवर इंग्रजी आठाचा आकडा काढत घासला,
गोलाई सांभाळून,
वरची कडक साल जाऊ न देता.
बसवला. सहावा दाबून तिसरा पुन्हा भरला.

संध्याकाळी धैर्यवानकाका बोनेटपाशी वाकले.
"अजून थोडा येतोय."
थोडा येणारच. एक थाऊ आवळलं असतं तर
तोही गेला असता.
तसा एकदा मी घालवलाय, टॅक्सीवाल्या कुरेशीचा,
महिन्याभरात जळका व्हॉल्व घेऊन
तो दारात उभा होता.
हे मी सांगितलं. काकांनी मान हलवली
आणि आवाजाचे म्हणून पन्नास रुपये कापले.

फियाट उतारावरून डॉकयार्ड रोडकडे वळली,
शिलाई मशीनसारखी.
अंकल माझ्या तोंडाकडे बघत होते.
"येतोय का अजून?"
मी मान डोलावली.
"मग बरं," म्हणाले,
आणि पेपर उघडला.