फळ्यावर, गुरुवारी

दांडिया बाजारात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर
आमची खोली. जिना लाकडी, सातवी पायरी नाही.
दर गुरुवारी मी फळा पुसते
आणि नव्यानं लिहिते, जमेल त्या भाषेत:

जुना प्रोजेक्टर देणे आहे, दिवा गेलेला, पंखा चालू.
अकोट्याच्या एका शाळेला हवंय कुणीतरी,
पडद्यावरचं फुलपाखरू हातानं उडवायला शिकवणारं.
मानधन नाही, सेवउसळ आहे.
दोन महिने निवास, थंड देशात, तिकीट आपलं आपण.
(खाली इंद्रजितचा खडू: आपलं म्हणजे कुणाचं?)

या वेळी एक ओळ मोठ्या अक्षरात:
नदीकाठी तीन रात्री उजेडाचा मेळा.
माणसाला ओळखणाऱ्या कलाकृती मागवल्या आहेत.
वयोमर्यादा पस्तीस. शेवटची तारीख रविवार, रात्री बारा.

आम्ही मगर केली.
विश्वामित्रीची. दुसरं काय करणार?
कौमुदीनं पुलावर उभं राहून सात दुपारी
तिचं न हलणं टिपलं.
मेहजबीननं कोड लिहिला,
इंद्रजितनं छताला सेन्सर टांगला, सुतळीनं,
कारण क्लॅम्प मिळतो शुक्रवारच्या बाजारात
आणि शुक्रवार होऊन गेला होता.
फरशीवर उजेडाचं पाणी पसरलं, त्यात ती.
तुम्ही चाललात की डोळा उघडते.
थांबलात की जवळ येते.
पळालात तर विझते. का, ते मेहजबीनला विचारा.

शनिवारी रात्री शटर ओढून रमणभाई वर आले.
तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून
बोटांनाच वळसा पडलेला माणूस,
काळा शर्ट, जानेवारीची काळी कानटोपी.
चालले. मगर झोपलेली.
हात हलवले. झोपलेली.
तिच्या पाठीवर उभे राहिले, नेमके कण्यावर.
"हं," म्हणाले, "हिच्या हिशेबी मी घरी गेलोय."

काळं कापड किरण गिळतं, इंद्रजितनं समजावलं,
गिळलेलं परत येत नाही, मग सेन्सरला वाटतं, कुणी नाही.
खुंटीवरचा पांढरा पंचा त्यानं पुढे केला.
एवढा खांद्यावर घ्या.

रमणभाईंनी पंच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
"पंखा फिरत नसला तर मी मोटार उघडतो.
घरमालकाला आजवर कधी उघडलेलं नाही."

कुणी काही बोललं नाही.
खाली रस्त्यावर कुणीतरी मांजा सुतत होतं, उद्याच्या उद्या विकायला.

मग त्यांनीच विचारलं, "वजन तरी आहे ना माझं?"

पहाटेपर्यंत चार गुंडाळ्या झाल्या,
प्रत्येकीच्या पोटात लाउडस्पीकरमधला लोहचुंबक.
वर फळी, फळीवर पाय पडला
की तारेत इवलासा करंट, मुंगीएवढा,
पण मेहजबीनला मुंगी पुरते.
फळ्या तीनच होत्या.
चौथी म्हणून भिंतीवरचा फळा उतरवला,
अक्षरांसकट. पुसायला वेळ कुणाला होता?

अर्जात रकाना: सदस्यांचं वय.
बावीस, चोवीस, सव्वीस, सत्तावीस, एकसष्ट.
मेहजबीननं सरासरी काढली. बत्तीस.
माध्यम: तांबं, फळा, उजेड.
प्रेक्षक कोण, या प्रश्नाला मी लिहिलं,
काळ्या शर्टातला कुणीही.
पाठवला तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती.
उत्तर आलेलं नाही. येईल किंवा नाही.

आज गुरुवार. लिहायला भिंतीवर काहीच नाही,
नुसता फळ्याच्या आकाराचा चुना, बाकीपेक्षा पांढरा.
लोक जिन्यावर थांबलेत, आठव्या पायरीपासून वर,
मी तोंडीच सांगतेय: दिवा गेलेला, पंखा चालू,
अकोट्याची शाळा अजून वाट बघतेय.

आत रमणभाई शेजारच्या टायरवाल्याला घेऊन आलेत.
तोही नखशिखांत काळा, कामावरून थेट.
"हळू," ते त्याला सांगतायत, "शेवटच्या तारखेवर पाय ठेव."

तो ठेवतो.
डोळा उघडतो.