शंभर मोजेपर्यंत

सोहारला रात्रपाळीत एसीची घरघर
आणि माझ्या काउंटरची टकटक, एवढंच.
काचपट्टीवर गफूर बुरोंडकर,
वय एक्केचाळीस, केबल टाकणारा,
तोंडात फोड, महिन्यात तिसरा ताप.

शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात.
एरवी एका चहात होतात.
आज चहावर साय धरली
आणि न्यूट्रोफिल सापडले नऊ.
पुन्हा मोजले. आठ.

मग मज्जेचा नमुना आला.
कोवळ्या पेशींत पोकळ्याच पोकळ्या,
घावनाला जाळी पडावी तशा.

वॉर्डात जाणं माझं काम नव्हे,
पण आडनाव वाचून पाय वळले.
मी खाडीपलीकडची, गुहागरची.
त्याने उशीखालून डबा काढून दाखवला:
जस्ताच्या गोळ्या. साथीच्या वर्षी
खोलीतल्या कुणीतरी आणलेल्या.
"ताकद राहते. सकाळी एक, रात्री दोन."
आणि जेवण?
"खुबूस. डाळ. चहा."

जस्त फार झालं की आतड्याचं अस्तर
तांब्याला दारातच धरून ठेवतं
आणि चार दिवसांनी गळून पडताना
त्यालाही सोबत नेतं.
दिवसभर याच्या हातांतून तांबंच जातं,
मैलभर, प्लास्टिकच्या सालीत;
मज्जेपर्यंत कण पोचत नाही.
जिथे पोचतो, तिथे भक्षक पेशी
गिळलेल्या जंतूवर तांबं सोडते.
कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना,
तसा तो जंतू तिच्या पोटात कळकतो.

"मग तांब्यातलं पाणी पिऊ?"
मला हसू आलं. आमचा तांब्या स्टीलचा,
नाव तेवढं राहिलंय.
तांबड्या पेशींच्या तर नावातच ते आहे,
पांढऱ्यांनाही लागतं हे कुणी बोलत नाही.
म्हटलं, आधी या गोळ्या बंद.
मग डॉक्टर देतील ते औषध.
मग तीळ, काजू, कुळीथ.

"कुळथाची पिठी," तो म्हणाला,
आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.
तिकडे डोंगर होते, हजारो वर्षांपूर्वी
तांबं वितळवलेल्या भट्ट्यांची
काळी मळी अंगावर घेऊन.

सातव्या आठवड्यात शंभरात चोपन्न.
चहा गरमच होता.
कळवायला गेले तर तो पायाकडे बोट दाखवत म्हणाला,
ताप गेला, ताई,
पण चप्पल निसटते
आणि मला चार पावलांनी कळतं.