पाठमोरी

हेलसिंकीहून सिनेमावाले आले तेव्हा
नदीवर बर्फ अजून जाड होतं.
त्यांनी कागद कारखान्याचं गंजलेलं फाटक
पुन्हा हिरवं रंगवलं.
हिरवं नव्हतं ते कधी. तपकिरी होतं.
मी बोलले नाही. कुणी विचारलं नव्हतं.

गोष्ट माझ्या बापाची, नाव तेवढं बदललंय.
त्याचं नाव ताइस्तो, म्हणजे लढा.
आजोबांनी लाल झेंड्याखाली ठेवलेलं.
आणि अख्ख्या हालाकोस्कीत संपफोड्या
तोच एक निघाला.

एकोणीस दिवस तो फाटकातून आत गेला,
तीन नंबरच्या मशीनपाशी,
जी एकट्यानं चालतच नाही.
आत काय करायचा, आजही कुणाला ठाऊक नाही.
आई म्हणायची, झाडत असेल.

नट भेटायला आला. भला पोरगा, दात शुभ्र.
ते कसे चालायचे?
खाली बघून, मी म्हटलं.
लाजेनं?
नाही रे, घसरू नये म्हणून.
त्यानं वहीत काहीतरी टिपून घेतलं
आणि शॉटमध्ये मान ताठ ठेवून चालला.

पटकथेत त्याला भाषण आहे,
माणूस, मन, कळप, असं बरंच.
माझा बाप त्या हिवाळ्यात जे बोलला
ते एका हाताच्या बोटांवर मावेल:
दार लाव. मीठ दे. झोपली का ती?
कारण त्यानं आईलाही दिलं नाही.
पोटासाठी म्हणावं, तर युनियन पैसे देत होती.
मालकासाठी म्हणावं, तर मालकाचं नाव
तो थुंकल्याशिवाय घ्यायचा नाही.

संप जिंकला. पगार वाढला, त्याचाही.
वाढलेले तेवढे तो कॉफीच्या डब्यात टाकायचा.
तो गेल्यावर आम्ही डबा उघडला:
नोटा. कधीच्याच बाद झालेल्या.

सिनेमात लोक दगड मारतात, खिडकी फुटते.
आमची खिडकी कधी फुटली नाही.
फुटली असती तर
काच बसवायला तरी कुणी आलं असतं.
शनिवारी कारखान्याच्या सौनात तो शिरला
की वरची फळी रिकामी.
बावीस वर्षं कुणी त्याची पाठ घासली नाही.
घरी आईनं हात पुढे केला
तर म्हणायचा, राहू दे.

काल फाटकाचा सीन.
साठ माणसं हवी होती, गावातलीच आली,
चाळीस युरो आणि वाटाण्याचं सूप.
याल्मारीचा नातू, आइनोची सून,
आणि मी, दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या कोटात.
पाठ फिरवा, दिग्दर्शिका म्हणाली.
तालीम लागली नाही.
साठ पाठी, एका दमात.
मीही फिरले.

तेव्हा पहिल्यांदा दिसलं
त्यांना काय दिसायचं ते.
काहीच नाही.
पुढच्याच्या कॉलरचा सुटलेला धागा.
आणि मागून बूट:
करकर. थांबले. करकर.
बाई गं, मान न वळवणं
एवढं जड असतं?
मानेत दोरखंड पिळल्यासारखा.
आणि ही माणसं रोज सकाळी, रोज संध्याकाळी
हे उचलून

कट.
कुणीतरी वळून बघितलं, ती ओरडली.
मी नव्हते.
शेजारी याल्मारीचा नातू,
कान लालबुंद,
बुटाच्या टोकानं बर्फ उकरत होता.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
बघायला हवं होतं का?

पुन्हा घेऊ, ती म्हणाली.
नट आपल्या खुणेवर परत गेला.
मग एक पोरगा लांब झाडू घेऊन आला
आणि फाटकापर्यंतची पावलं
एकेक करून
झाडून टाकली.