डिप, डंख, शोक

मंगळवारचा वर्ग. कसबा पेठ,
वाचनालयाचा वरचा मजला.
खाली तांबट आळीचे ठोके सुरूच;
मी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शिकवतो.

फळ्यावर लिहिलं: डिप.
म्हटलं, जरासं बुडवायचं. टोक फक्त. लगेच वर काढायचं.
शेवटच्या बाकावरून मंदाकिनी वडके,
वय बावन्न, बोटांना चिंचेचा वास,
म्हणाल्या, सर, आमच्याकडे दीप म्हणजे दिवा.

बरं. पुढचा. डंक.
चहात बिस्किट घालतो ना आपण, तसं.
अख्खा वर्ग हसला.
गांधीलमाशी मारते तो डंख का हो, सर?
मीही हसलो, आणि हसता हसता
वडील दिसले. बशीवर बिस्किट धरून
पेपरातल्या निधनवार्ता वाचत बसलेले.
वाचता वाचता अर्धं बिस्किट मोडून तळाला जायचं.
मग चमच्यानं गाळ खात म्हणायचे,
गेलं तरी आपल्याच चहात गेलं.

सोक.
हा रात्रभराचा शब्द. हरभरे, साबुदाणा,
कॉलर मळलेला शर्ट.
वडकेबाईंनी वहीत लिहिलं: शोक.
मी लाल पेन उघडलं,
बघत राहिलो,
टोपण परत लावलं.
तोही भिजतच घालावा लागतो. सकाळी उपसून
फडक्यात घट्ट बांधावा लागतो,
आणि मोड आलेत का, हे कुणी रोज उघडून बघू नये.

स्टीप म्हणजे चहाची पत्ती, झाकण ठेवून.
स्टीप म्हणजे पर्वतीचा चढसुद्धा.
एकाच शब्दात चहा आणि दम लागणं?
आपल्याकडे मुरणं आहे, मी म्हटलं. लोणचं मुरतं.
भाडेकरू पेठेत मुरतो.
मागून कुणीतरी पुटपुटलं,
ह्या इंग्रजीत कुठंतरी पाणी मुरतंय.

इमर्स शिकवावा लागला नाही.
गणपती, म्हणाले सगळे. नदीकाठचा हौद.
एक मुलगा, नवीनच येऊ लागलेला, डोक्यावर केस
नुकते उगवू लागलेले,
काही बोलला नाही.
मी फळा पुसला.

तेव्हा वडकेबाई उभ्या राहिल्या.
सर, एक राहिला.
भट्टीतून लाल झालेलं भांडं काढून पाण्यात घालतो,
त्याला काय म्हणायचं?
हे गेल्यापासून मठारकाम मीच करते.
बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात, विचारतात,
मुलगा काहीबाही सांगतो त्यांना,
मला त्याचं इंग्रजी कळत नाही,
पण खोटं आहे एवढं कळतं.

मला येत नव्हतं. कोश उघडला.
क्वेंच. त्याच्याच खाली, दुसरा अर्थ:
तहान भागवणे.
मोठ्यानं वाचून दाखवलं.
त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांच्याकडेही
भांड्याला तहान लागते तर.

मग बसता बसता, माझ्याकडे न बघता:
लोहार लोखंडाला पाणी देतो, ते कडक होतं.
तांब्याचं उलट.
लाल होईस्तोवर तापवून बुडवलं, की मऊ पडतं.
मऊ पडलं की मगच ठोकायचं.
ठोकून ठोकून पुन्हा ताठर होतं,
की पुन्हा भट्टी.
आमच्या सासूबाई म्हणायच्या, तू नक्की कशाची ग?
मी तेव्हा काही बोलले नव्हते.

वर्ग सुटल्यावर मी जिना उतरलो तो
त्यांच्या दारात थांबलो.
चिमट्यात घंगाळ होतं, मावळतीच्या रंगाचं,
त्यांनी पदर खोचला,
तोंड जरा बाजूला केलं,
आणि ते टाकीत सोडलं.

पाणी काहीतरी बोललं.

वाफेतून त्यांचा आवाज आला,
सर, ह्याचं स्पेलिंग?

पुढच्या मंगळवारी, मी म्हटलं.