गुंता

फॉर्म तसाच पडलाय, हर्षल, फ्रिजवर.
वर लोणच्याची बरणी ठेवलीस, उडू नये म्हणून.
म्हणजे फेकायचाही नाहीये तुला.

मित्र हसले म्हणे मांडवीच्या नाक्यावर:
"तू सिस्टरबेन थवानो?"
हसू देत. मीही हसले असते कदाचित,
चौतीस वर्षं सयाजी हॉस्पिटलात काढली नसती तर.

"सेवा" हा शब्द मी वापरणार नाही.
तो निरोप समारंभात वापरतात, शालीबरोबर.
नोकरी आहे ही. पगार येतो, पाय सुजतात,
ऐन दिवाळीत नाइट लागते,
आणि पहिल्या वर्षी एकदा तरी
चादरींच्या खोलीत कडी लावून रडावं लागतं.
आधीच सांगते. मागून म्हणशील, मावशी बोलली नाही.

पण मागचं उत्तरायण आठव.
सगळी गच्ची "लपेट, लपेट" ओरडत होती
आणि तू टाकीला टेकून, एकटाच,
कुणीतरी वैतागून फेकलेला मांजा सोडवत होतास.
तासभर. एकदाही हिसका दिला नाहीस.
न तोडता सोडवलास, फिरकीला गुंडाळलास,
ज्याचा होता त्याला देऊन टाकलास.

मी तशीच निघाले, शेवटच्या वर्षातली दुपारची ड्यूटी.
कॅज्युअल्टीत डभोईकडची एक पोर आणली, स्कूटरवरची,
मांजानं गळ्याला... जाऊ दे, तेवढं नको.
रक्त इतकं गेलेलं की शीर लागेना.
डॉक्टर ओरडतायत, नवी मुलगी थरथरतेय,
मी डोळे मिटले आणि बोटांनी शोधली:
कातडीखाली एक बारीक धागा,
दाबला की दबणारा, सोडला की परत वर येणारा.

तुझी बोटं आठवली मला तेव्हा.
खरंच. त्या धांदलीत.

ती वाचली.
सगळे वाचत नाहीत.
न वाचलेल्यांचेही केस विंचरावे लागतात,
घरचे आत येण्याआधी. हेही शिकवतात तिथं,
पुस्तकात नसतं.

शुक्रवार शेवटची तारीख आहे.
मित्रांचं म्हणशील, तर पुढच्या कुठल्यातरी उत्तरायणात
त्यांच्यातलाच एखादा बोट कापून घेऊन
तुझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसेल.
नीट ड्रेसिंग कर त्याचं.
हसू नकोस. (थोडं हसलास तरी चालेल.)

आणि ती बरणी उचल आधी.
तेलाचा डाग पसरत चाललाय,
नाव लिहायच्या जागेपर्यंत आलाय.